एकही दिवस बंद नाही

किनलारिग
३ फेब्रुवारी २०१५

फारकर मथेसन यास,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायची पद्धत असते. पण एकतीस वर्षं जी विचारली नाही ती आज विचारली तर तुलाच हसू येईल. तेव्हा कामाचं लिहितो.

आपला बंबखाना बंद होतोय. १३ जूनला. मुख्य कचेरीतून दोघं आले होते, चकचकीत बूट, हातात नकाशा. त्यातला एक म्हणाला, "मिस्टर मथेसन, तुमच्या भागात वर्षाला जेमतेम अकरा आगी लागतात."

मी म्हटलं, "कमी पडतात का? सांगा, दोन-चार लावून देतो."

हसला नाही. आजकाल हसायलाही वरून परवानगी लागत असेल.

तर निरोपाच्या दिवशी वाटायला त्यांना एक पुस्तिका हवी आहे. किनलारिगच्या बंबखान्याचा इतिहास. लिहिणार कोण? आपल्या गाडीवरचा सँडी दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. विली वृद्धाश्रमात आहे आणि नर्सला बायकोच्या नावाने हाका मारतो. बाबांच्या काळापासूनचं सगळं आठवणारे दोघंच उरलो, मी आणि तू. तुला कोण विचारणार? म्हणून मी लिहितोय.

नावही त्यांनीच ठरवलंय: 'एकही दिवस बंद नाही'. आसपासच्या प्रत्येक छोट्या केंद्राला कधी ना कधी माणसं कमी पडली आणि 'आज आम्ही बंद' असं कळवावं लागलं. आपल्याला नाही. बाबांची एकवीस वर्षं आणि माझी अठ्ठावीस, एकोणपन्नास वर्षांत एकदाही नाही. माझ्यानंतरच्यांनी काय दिवे लावले ते मी लिहिणार नाही.

मला १९५१चा फोटो हवा आहे, उद्घाटनाचा. बंबखाना सुरू झाला त्या तबेल्यासमोर बाबा उभे आहेत, शेजारी आगीवर मारायचा हाताचा पंप. तो आईच्या बिस्किटांच्या डब्यात होता आणि डबा तू जाताना उचललास. मी तेव्हा बोललो नाही. फोटो पाठव. काम झालं की परत करीन.

१९८४चं काय लिहायचं ते मी बघतो. तुझं नाव येणार नाही, घाबरू नकोस.

मर्डो


किनलारिग
९ मार्च २०१५

फारकर,

फोटो मिळाला. सोबत एक ओळसुद्धा नाही. पाठीमागे पेन्सिलीने 'बाबा' एवढंच, तेही आईच्या हातचं. ठीक आहे. न्यूझीलंडात शाई महाग असेल.

फोटोत कोपऱ्यात आईने वाळत घातलेले कपडे दिसतात, बघितलेस का? एवढा मोठा साहेब उद्घाटनाला आला आणि त्याच्या टोपीमागे बाबांची लांब चड्डी. दोन वर्षांनी आई गेली. तू आठ वर्षांचा होतास.

चकत्यांवर मी अख्खं पान लिहिलंय. कचेरीवाल्यांना तेच आवडलं, कारण असा बोर्ड दुसऱ्या कुठल्याच केंद्रात नव्हता. मोडीत निघालेल्या बोटीच्या पितळेतून बाबांनी सहा चकत्या कापल्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव ठोकलं आणि बोर्डावर टांगल्या. एक बाजू पितळी, दुसरी तांबड्या रंगाची. पितळी म्हणजे मी गावात आहे, भोंगा वाजला की धावत येतो. तांबडी म्हणजे मी लांब आहे, मला धरू नका. ज्याची चकती त्यानेच उलटायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. गाडी निघायला चौघं लागतात. पितळी चारपेक्षा कमी दिसल्या की प्रमुखाने लगेच फोन करून केंद्र बंद असल्याचं कळवायचं. मग अठरा मैलांवरून ड्रमफिनची दुसरी गाडी माणसांसकट येऊन आपल्या अंगणात उभी राहायची.

बाबांना त्याचीच चीड. "ड्रमफिनची माणसं माझ्या अंगणात चहा ढोसताना मला बघायची नाहीत," म्हणायचे. "मी मेल्यावर या म्हणावं."

निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी लापशी खाल्ली की फडकं घेऊन रस्ता ओलांडायचे आणि चकत्या पुसायचे. बाजू न बदलता. अगदी शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. "चकती खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," हे त्यांचं ठरलेलं. मी ते पुस्तिकेत घातलंय.

१९८४बद्दल दोनच वाक्यं आहेत. वाच: 'त्या वर्षी १४ एप्रिलला घराला लागलेल्या आगीत पेगी रॉस यांचा मृत्यू झाला. एक जवान न आल्यामुळे गाडी निघण्यास अकरा मिनिटे उशीर झाला.' नाव घातलं नाही. गावाला नाव सांगायची गरज नाही.

पेगीबद्दल खरं तर आणखी लिहायला हवं होतं. आई गेल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात ती आपल्याला रव्याची खीर वाढायची, वर जॅमचा ठिपका. तुला दोन डाव, मला एक. मी विचारलं तर म्हणायची, "तो बारीक आहे रे. तुझ्या अंगावर आहे थोडं."

तिच्या अंत्यविधीला चर्चच्या फाटकात तिच्या बहिणीने तुला अडवलं, ते माझ्या कानात अजून आहे. आयना म्हणाली, "तिच्या हातचं खाऊन वाढलास, आणि भोंगा ऐकून मेंढ्या राखत बसलास?" तू आपलं एकच धरून बसला होतास, मी चकती उलटी केली होती, मी चकती उलटी केली होती. चौकशीतही तेच, दुकानातही तेच, घरातही तेच. शेवटी बाबा "पुरे" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. पानगळीला तू गेलास.

विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. बाबांनी आपल्या दफनाबद्दल आधीच बजावून ठेवलं होतं: शवपेटी खाली सोडायच्या आठ दोऱ्यांपैकी दुसरी, म्हणजे धाकट्या मुलाची, तुझी, कुणाच्याही हातात द्यायची नाही. तशीच सोडायची. सातजणांनी पेटी खाली उतरवली आणि एक दोरी लोंबत गेली. लोकांनी काय समजायचं ते समजलं.

तुला हे कुणी कळवलं नसेल म्हणून कळवलं.

मर्डो


किनलारिग
२० एप्रिल २०१५

फारकर,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

तू लिहितोस: 'मर्डो, गेली एकतीस वर्षं मी रोज सकाळी मनातल्या मनात ती चकती उलटी करतो. कधी समोर तांबडा रंग दिसतो, कधी दिसत नाही. आता सत्तरी आली. त्या दिवशी घाईत होतो, दोन मेंढ्या अडल्या होत्या. मीच विसरलो असेन. सगळे एकच सांगतात म्हटल्यावर माझंच चुकलं असणार. पुस्तिकेत माझं नाव घाल आणि मी आयनाची माफी मागितली असं लिही.'

हे असलं कशाला लिहितोस? तुला कुणी विचारलं होतं? मी फोटो मागितला होता, कबुलीजबाब नाही.

नाव घालणार नाही. एकदा सांगितलं ना.

गुडघा दुखतोय. पाऊस आहे. पुस्तिका महिनाअखेरीस छापायला जाते. सहाच्या सहा चकत्या मी निवृत्तीच्या दिवशी घरी आणल्या होत्या, त्या आता कचेरीवाल्यांना काचेच्या पेटीत मांडायला हव्या आहेत. काल काढून बसलो. पाच दिल्या. एक सापडत नाही असं सांगितलं.

मर्डो


किनलारिग
२ मे २०१५

भावा,

तू विसरला नव्हतास.

हे एक वाक्य लिहायला मला बारा दिवस लागले. आता पुढचं सरळ लिहितो, मध्ये थांबलो तर परत थंडी-पावसाचं लिहीन.

त्या सकाळी सातला मी बोर्ड बघितला. केनीचा पाय मोडलेला, त्याची तांबडी. इयनच्या बायकोला दिवस भरलेले, तो शहरात, त्याची तांबडी. आणि तुझी तांबडी. पितळी तीन: मी, सँडी, विली. तू मला तोंडाने काही सांगितलं नव्हतंस, कारण त्या आठवड्यात आपण बोलत नव्हतो. मी कुत्रीचं पिल्लू तुला न विचारता विकलं होतं म्हणून. सांगायची गरजही नव्हती. चकती त्यासाठीच होती.

मी फोन करायला हवा होता. रिसीव्हर उचललाही होता. समोर खिडकीतून बाबांचं घर, त्यांच्या चुलीचा धूर. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा 'बंद', आणि ते माझ्या हाताने. ड्रमफिनची गाडी येणार, दारात उभी राहणार, ती माणसं चहा मागणार. मला तुझाच राग आला. दोन तांबड्या दिसत असताना हा तिसरी करून गेलाच कसा? मनात म्हटलं, दुपारपर्यंत येईल, अर्ध्या दिवसात काय आकाश कोसळतंय? रिसीव्हर खाली ठेवला.

दहा चाळीसला भोंगा झाला. सँडी टपालाची गाडी रस्त्यातच सोडून धावत आला, विली हॉटेलातून ॲप्रनसकट. बोर्ड आत, माझ्या टेबलामागे. तो बघायचं काम माझं. तिघं गाडीत बसलो. इंजिन सुरू.

सँडीने विचारलं, "चौथा कोण?"

मी म्हटलं, "फारकर. येईल इतक्यात."

पेगीच्या घरावरचा धूर समोर दिसत होता. दोन मैल. विली म्हणाला, "मर्डो, तिघंच जाऊ या."

मी म्हटलं, "नियम आहे. थांबायचं."

पाच मिनिटांनी सँडी शिव्या द्यायला लागला, तुला. मी त्याला गप्प केलं नाही. अकरा मिनिटांनी मी क्लच सोडला आणि तिघंच गेलो. मग ती अकरा मिनिटं कशासाठी होती? तू येणार नाहीस हे त्या गाडीत मला एकट्याला ठाऊक होतं. ती मिनिटं मी दाखवण्यासाठी काढली, फारकर. चौथ्याची वाट बघितली, हे दोन साक्षीदारांसमोर दाखवण्यासाठी.

पेगी दाराच्या आत सापडली. हात कडीपर्यंत गेला होता. अकरा मिनिटांचं गणित मी तुला सांगत नाही, तुला येतं.

परत आलो तेव्हा सँडी आणि विली बाहेर पायरीवर डोकं धरून बसले. मी एकटा आत गेलो आणि तुझी चकती उलटी केली. केनी आणि इयनच्या तशाच ठेवल्या, ते गावात नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. चौकशीत साहेबाने विचारलं, "सकाळी किती होत्या?" मी म्हटलं, "चार पितळी." तू माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीबाहेर बघत होतो.

तू गेल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. एवढं मात्र धरून होतो की जगाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मला खोटारडा म्हणत असेल. त्याला खरं माहीत आहे, मग मी ते सांगितलं नाही तरी चालतंय. आणि तू काय लिहितोस? 'मीच विसरलो असेन.' तुझ्या डोक्यातलं खरंसुद्धा मी खाल्लं. याची मला कल्पना नव्हती.

पुस्तिकेचं ते पान नव्याने लिहून मी उद्या कचेरीत देतोय. तुझं नाव घालून, माझं नाव घालून.

माफी मागत नाही. ती मागण्याइतकी लाज माझ्यात असती तर एकतीस वर्षं लागली नसती.

मर्डो


किनलारिग
२८ जून २०१५

भावा,

तुझं पत्र आलं. अख्ख्या कागदावर एकच प्रश्न. त्याचं उत्तर देतो, पण आधी इथलं सांगतो. थोडा धीर गोळा करावा लागतोय.

मी पान दिलं ते त्यांनी घेतलं नाही. साहेब पोरगेलासा आहे, माणूस वाईट नाही. वाचून लालबुंद झाला. "मिस्टर मथेसन, हा तुमचा घरगुती विषय आहे. आणि शीर्षक वर छापून गेलंय."

मी म्हटलं, "शीर्षकच खोटं आहे."

म्हणाला, "लोक केक खायला येणार आहेत हो."

म्हणून मग १३ जूनला मी उभा राहून तोंडाने सांगितलं. सगळं, चकतीसकट. भाषण संपल्यावर मागे कुणाचा तरी कप बशीत वाजला आणि लोक पुन्हा केककडे वळले. केनी येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं ते झालं, मर्डो." त्याला काय, त्याचा नुसता पाय मोडला होता.

आयना चाकाच्या खुर्चीत होती. ब्याण्णव वर्षांची. तिने मला खाली वाकायला लावलं. वाटलं थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "एकतीस वर्षं मी त्या पोराला रोज शाप दिले. आता ते परत कसे घेऊ? मला मरेपर्यंत कळू दिलं नसतंस तर काय बिघडलं असतं तुझं?"

बाहेर अंगणात ड्रमफिनची गाडी उभी होती. आता आपला भाग त्यांच्याकडे गेला ना. चौघं चहा पीत होते. चांगली पोरं आहेत. कप स्वतः विसळून ठेवले.

आता तुझा प्रश्न. 'बाबा मला दोषी समजूनच गेले का?'

या पत्राचे दोन कागद मी फाडले. एकात लिहिलं होतं की मी बाबांना सगळं सांगितलं आणि त्यांनी तुझं नाव घेत डोळे मिटले. वाचायला छान होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की हो, ते तसं समजूनच गेले. तेही तुला सोसलं असतं, कारण ते तू आजवर सोसतच आलास. खरं या दोन्हींत नव्हतं.

१९८९च्या जानेवारीत, ते जाण्याच्या आदल्या दुपारी, हॉस्पिटलात मी त्यांना सूप भरवत होतो. त्यांनी चमचा बाजूला सारला.

"त्या सकाळी मी चकत्या पुसल्या, मर्डो," ते म्हणाले. "तीन तांबड्या होत्या."

रोज सकाळी लापशीनंतर फडकं घेऊन जाणारा माणूस त्या दिवशीही गेलाच असणार, हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"मला वाटलं तू फोन केला असशील. मग भोंगा झाला, आणि तू गाडीत नुसता बसून राहिलास. मी खिडकीतून बघत होतो."

मी म्हटलं, "बाबा, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बंबखाना गेला असता. तुझ्यावर खटला झाला असता. एक मुलगा जाणारच होता." मग बराच वेळ खोकले. "धाकट्याचं काय, मेंढ्या कुठेही राखता येतात."

नंतर दोरीचं सांगितलं. तुझी दोरी कुणाला द्यायची नाही, ती त्याची आहे. मी "का" विचारलं नाही.

तुझ्याकडे पाठ करून ते भिंतीकडे बघत बसले, ते कशामुळे हे आता तुला कळलं. तुझं तोंड बघवत नव्हतं त्यांना. मला हे तेव्हापासून माहीत आहे. सव्वीस वर्षं. २ मेच्या पत्रातही मी ते खाल्लं, कारण माझ्या एकट्याच्या गुन्ह्यात थोडी तरी ऐट होती आणि बाबांना त्यात ओढवेना. तू विचारलं नसतंस तर याही पत्रात लिहिलं नसतं.

सोबत तुझी चकती पाठवतोय. एका बाजूचा तांबडा रंग मधोमध पार उडालाय, पुसून पुसून. मी ती कधी पुसली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, फारकर. बाबांनी तुला एकही दिवस दोषी मानलं नाही.

मर्डो